तेरा फूट सहा इंच

ग्रँड आयलंडचा ट्रकस्टॉप. कॉफीच्या यंत्रापलीकडे
काचेच्या कपाटात पाच डबे मांडलेले.
शलाका आंघोळीला गेलीय. इथं आंघोळीलाही नंबर लागतो,
भिंतीवरच्या पडद्यावर. तिचा एक्केचाळीस.
तोवर तुम्ही बघून ठेवा, म्हणाली,
तुम्हाला नकाशातलं कळतं.

कळतं खरं.
मंगळवेढ्याच्या मोजणी कार्यालयात एकतीस वर्षं
तेहेतीस फुटांची साखळी ओढली मी.
सोळा आण्यांची एक साखळी, ताणून धर रे, झोल नको.
बांधावरचे दोघे भाऊ एकमेकांकडे न बघता
माझ्या हाताकडे बघायचे.

काउंटरवर वेंडेल. त्याची दोन बोटं
कुठल्याशा ट्रेलरच्या खिटीत राहिली.
दहा इंची डबा काचेला लावून दाखवतो:
रस्ता दिसतो, पण खरा रस्ता तेवढाच झाकतो.
स्वस्तातला, मोटारींसाठीचा, परत कपाटात ठेवतो,
जरा रागानंच. ह्याला वाटतं, सगळं जग छोट्या गाडीत बसलंय.

गेल्या महिन्यात शलाकाच्या फोनलाही तसंच वाटलं.
आयोवातल्या एका गावात, रात्री दोनला,
बंद गल्लीत नेऊन म्हणाला, पोचलात.
पाऊण तास रिव्हर्स. कुणी म्हातारी गाऊनवर
टॉर्च घेऊन मागं उभी, डावीकडे, आणखी डावीकडे.
हे तिनं मला हसत सांगितलं.
मी हसलो नाही.

ट्रकचा डबा आधी विचारतो, रस्ता मागाहून.
उंची किती? लांबी किती? वजन?
काय घेऊन चाललात, पेट घेणारं आहे का?
आवडलं मला हे. आमच्या साहेबांनी
अर्जदाराला एवढं कधी विचारलं नाही.
त्रेपन्न फूट लांब. मनात मांडतो:
एक साखळी नि पावणेदहा आणे.
तेरा फूट सहा इंच उंच: साडेसहा आणे.
ऐंशी हजार पौंड.
हे काही माझ्या साखळीत बसत नाही.

आवाज तेवीस भाषांत, मराठी त्यात नाही.
शलाकाला विचाराल तर बरंच म्हणेल.
मराठीत कुणी वळ म्हणालं तर ती वाद घालते.

पुलांच्या उंच्या ह्यात कुणी भरल्या?
मी विचारतो, निम्मं इंग्रजी, निम्मे हातवारे.
वेंडेल खांदे उडवतो. मग आवाज खाली आणून सांगतो:
पाटी खरी असते. पूलही जागचा हलत नाही.
उन्हाळ्यात खालच्या रस्त्यावर डांबराचा नवा थर पडतो,
दोन इंच.
पाटी बदलायला कुणी येत नाही.

हद्दीचे दगड रात्री सरकतात, हे ठाऊक होतं मला.
रस्ता वर येतो, हे नव्हतं.

सातइंची घेतला. चारशे एकोणीस डॉलर, वर कर.
शलाका आली ओल्या केसांनी,
वायर दातात धरून डॅशबोर्डखाली वाकली.
बाबा, तेवढे आकडे भरा, म्हणाली,
वायरमुळं बोबडं.

एकतीस वर्षं. पाकिटं आली, कोंबड्या आल्या,
एकदा तर आमदाराचा भाचा
दुपारभर ओट्यावर बसून राहिला.
कुणासाठी सुतभर रेघ हलवली नाही.

तेरा फूट आठ इंच,
मी भरलं.

आठवड्यानं वायोमिंगहून फोन, मागं वारा घोंगावतोय.
बाबा, हा डबा फार भित्रा निघाला हो,
काल बावीस मैलांचा वळसा घालायला लावला
एका साध्या पुलापायी. बाकी सगळे खालून गेले.
मी म्हटलं, असतात काही यंत्रं तशी.
डिझेलचे पैसे मी देतो.